दाखला कुणी दिला?

"ऐकलं काय वहिनी? मागच्या गल्लीचं गटार परत त्यालाच लागलं."

परसातल्या भिंतीवरून शेजारच्या अण्णांचा असा आवाज आला की गॅसवरचं दूध ज्याचं त्यानं बघावं. अण्णांची सगळी नोकरी बांधकाम खात्यात, टेंडरच्या टेबलावर गेली. साहेब नव्हते, कारकून होते, म्हणूनच सगळं ठाऊक. साहेबाची बदली होते, फाइल कारकुनापाशी राहते.

"त्यालाच म्हणजे? आपल्या गल्लीवाल्याला?"

"त्यालाच की."

हा 'तो' कोण ते मी सांगणार नाही. मला बेळगावच्या ह्या शहापुरातच राहायचं आहे. त्याचं काम मात्र सांगते. आमच्या दारापुढचं गटार त्यानं केलं. गटाराला उतार लागतो हे त्याला ठाऊक होतं, कुठल्या बाजूला तेवढं विसरला. त्यामुळं वरच्या घरांचं पाणी खाली जात नाही, आमच्या उंबऱ्यासमोर मुक्कामाला थांबतं. गणपतीच्या आधी पाण्याच्या टँकरखाली वरचा एक स्लॅब खचला. तुटल्या कडेला सळीचं टोक दिसत होतं. पोरानं सहज ओढलं तर वीतभर तुकडा हातात आला. कडेला तेवढाच बसवलेला, बघणाऱ्याला दिसावा म्हणून. आत नुसतं काँक्रीट, तेही कसलं? चावीनं ओरखडा काढला की वाळू झरते.

"अहो, पण टेंडर काढलं होतं ना?" मी म्हटलं. "मग परत तोच कसा?"

"टेंडर काढलं म्हणूनच तोच."

अक्का, म्हणजे अण्णांच्या मंडळी, दोरीवर चादर झटकत होत्या. त्या चादरीमागूनच म्हणाल्या, "आता सरळ सांगा की जरा. हापिसात बसल्यागत कोड्यात काय बोलुलालाय?"

अण्णा भिंतीला टेकले. "बघा, टेंडरला दोन पाकिटं असतात. पूर्वी खरीखुरी लाखेची होती, आता कॉम्प्युटरवर. पहिल्यात कागद, दुसऱ्यात दर. पहिल्यात पास झाला त्याचंच दुसरं उघडायचं. कर्नाटकात 1999 चा कायदा आहे, सार्वजनिक खरेदीतल्या पारदर्शकतेचा. टेंडरशिवाय काम द्यायचं नाही, आणि पास झालेल्यांत ज्याचा दर सगळ्यात कमी त्यालाच द्यायचं. सवलती आहेत, सरकारी निर्मिती केंद्रं, ग्रामीण विकासाचं महामंडळ वगैरेंना थेट कामं देता येतात, पण मूळ रीत ही."

"मग पहिल्या पाकिटात आपलं गटार कुणाला दिसलं नाही?"

"दिसलं की! त्याच्यामुळंच तर पास झाला."

मी आणि अक्का एकमेकींकडं बघत राहिलो.

"पहिल्या पाकिटात काय लागतं? परवान्याचा वर्ग, पाच वर्षांची उलाढाल, आणि असलंच काम आधी केल्याचा दाखला. आपलं गटार पूर्ण झालं तेव्हा कचेरीनं त्याला दाखला दिला. काम मुदतीत पूर्ण, दर्जा समाधानकारक. तोच त्यानं मागच्या गल्लीच्या टेंडरला जोडला."

"समाधानकारक?" अक्कांनी चादर सोडली. "कुणाचं समाधान झालं ते तरी लिवलंय काय त्यात?"

इथं अण्णा हसले नाहीत. मला वाटलं होतं, आता ते पैसे खाल्ल्याची गोष्ट सांगतील. तसं सांगितलं असतं तर गप्पा तिथंच संपल्या असत्या, कारण 'सगळे खातात' म्हटल्यावर पुढं बोलायला काही उरत नाही. ते म्हणाले, "पैसे न खाणारा साहेब पण हेच लिहितो, वहिनी. समजा त्यानं लिहिलं, दर्जा वाईट. मग पहिला प्रश्न त्यालाच येणार. काम चालू असताना एमबी, म्हणजे मापांची वही, कुणी लिहिली? मापं कुणी घेतली? बिल कुणी पास केलं? तेव्हा तू काय करत होतास? कंत्राटदाराला नापास करायचं तर साहेबाला आधी स्वतःला नापास करावं लागतं. त्यापेक्षा 'समाधानकारक' लिहिलं की दोघं सुटले."

मला हे पटलं, आणि पटल्याचा रागही आला. इतकी वर्षं मी समजत होते की वाईट कंत्राटदार नियम मोडून आत शिरतो. हा तर नियमाच्या दारातून, सही-शिक्क्यानिशी, आमच्याच गटाराचं प्रशस्तिपत्रक हातात घेऊन आत आला होता.

अक्कांचं माहेर वडगावचं, विणकरांच्या गल्लीतलं. त्या म्हणाल्या, "आमच्या बाबांच्या मागावरचं लुगडं सावकार दारात नेऊन उजेडात धरून बघायचा. एक धागा सुटला तर तोंडावर सांगायचा. दोनदा तसं झालं की तिसऱ्यांदा सूतच देत न्हवता. त्याला कुठला दाखला लागत न्हवता."

"सावकाराचे पैसे स्वतःचे होते," अण्णा म्हणाले. "आणि त्याच्या डोक्यात होतं ते त्याला कोर्टात सिद्ध करावं लागत नव्हतं. सरकारला तसं करता येत नाही, आणि करूही नये. उद्या साहेब म्हणेल, मला ह्याचं तोंड आवडत नाही, सूत देणार नाही. मग?"

'मग'वरच बोलणं पुढं सरकलं.

माझ्या भाच्यानंही हेच टेंडर भरलं होतं. सिव्हिलचा डिप्लोमा आहे, खालच्या वर्गाचा परवाना आहे, दोन-चार शाळांच्या खोल्या आणि एक समाजभवन त्यानं बांधलंय. अजून तरी कुठं ओल आलेली नाही. त्याचा दर अंदाजपत्रकापेक्षा थोडा खाली होता. ह्या बहाद्दराचा पाव भागानं बिलो. बिलो म्हणजे अंदाजपत्रकाच्या खाली. आमच्याकडं कंत्राटदारांच्या घरातली लहान पोरंसुद्धा हा शब्द बोलतात.

"पाव भाग कमी घेऊन परवडतं कसं?" मी विचारलं.

"सिमेंटचा दर सगळ्यांना सारखा. सळीचा सारखा. मजुरी सारखी. तर पाव भाग कुठनं निघतो?" अण्णांनी बोटांवर हिशेब सुरू केला. "एक तर सळीतनं. तुम्ही बघितलात तो तुकडा. एक सिमेंटच्या पोत्यातनं. रस्त्याचं काम असेल तर डांबराच्या जाडीतनं. आणि काम अर्ध्यावर आलं की जादा काम निघालं म्हणून सांगायचं, त्याचा दर वेगळा. दर फार खाली असला तर जादा अनामत मागायची सोय आहे. पण अनामतीनं गटार सरळ होत नाही."

मग त्यांनी मला एक सूत्र सांगितलं. ते इथं लिहिते, कारण पुढं कधी टेंडरचा कागद हातात पडला तर उपयोगी पडेल. मोठ्या कामांच्या टेंडरात कंत्राटदाराची ऐपत मोजतात. गेल्या पाच वर्षांतलं त्याचं सगळ्यात चांगलं वर्ष घ्यायचं, त्या वर्षी त्यानं किती रुपयांची कामं केली ते बघायचं. त्याला नवं काम जितक्या वर्षांत संपवायचं तितक्यानं गुणायचं, मग दीडनं गुणायचं. त्यातनं त्याच्या हातात आधीच असलेली कामं वजा करायची. चांगल्या वर्षात दोन कोटींची कामं केली, नवं काम वर्षभराचं आहे, आणि हातात एक कोटीचं शिल्लक आहे, तर तीन वजा एक, दोन कोटींपर्यंतचं काम त्याला झेपेल.

"चांगलं आहे की!"

"चांगलंच आहे. फक्त हातातली कामं किती, हे तोच प्रतिज्ञापत्रावर सांगणार. चिकोडीत एक काम, खानापुरात एक, तिसरं पाटबंधाऱ्याचं. तीन कचेऱ्या, तिन्ही एकमेकींना विचारत नाहीत. तो एकच सांगतो, दोन पोटात ठेवतो."

अक्का म्हणाल्या, "आणि काळी यादी म्हणत्यात ती?"

काळ्या यादीचं नाव काढलं की आपल्या लोकांना फार बरं वाटतं. पेपरात आमदार म्हणतात, कंत्राटदाराला काळ्या यादीत टाकू. लोक टाळ्या वाजवतात. पुढं त्या यादीचं काय होतं, ते अण्णांकडून ऐकावं. सुप्रीम कोर्टानं 1975 मध्येच एका कलकत्त्याकडच्या खटल्यात सांगून ठेवलंय की काळ्या यादीत टाकणं म्हणजे माणसाच्या पोटावर पाय, तेव्हा आधी त्याला नोटीस द्या, त्याचं ऐकून घ्या. 2014 मध्ये आणखी स्पष्ट केलं की नोटिशीतच लिहा, तुला काळ्या यादीत टाकायचा विचार आहे. नुसतं 'योग्य ती कारवाई करू' चालत नाही.

"आता आमच्या कचेऱ्यांच्या नोटिसा कशा?" अण्णा म्हणाले. "दोन ओळी. आपले काम असमाधानकारक आहे, खुलासा करावा. कुठला स्लॅब, कुठल्या तारखेला बघितला, नमुना कुठं तपासला, काही नाही. वर त्याच माणसाला त्याच कामाचा समाधानकारकचा दाखला आधीच गेलेला. कोर्टात त्याच्या वकिलानं तो दाखला दाखवला की आपला वकील खाली बसतो. आदेश रद्द. वरनं कंत्राटदार गल्लीत येऊन पेढे वाटतो."

"म्हणजे कोर्टच त्यांच्या बाजूचं?"

"तसं म्हणू नका. भुवनेश्वरचं बघा." अण्णांना असली प्रकरणं तोंडपाठ. 2017 च्या सप्टेंबरात तिथं बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला, माणूस मेला. ओडिशा सरकारनं चौकशी केली, नोटीस दिली, आणि कंपनीला कायमचं काळ्या यादीत टाकलं. हायकोर्टानं तो आदेश उडवला. पण 2022 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं हायकोर्टाला बाजूला सारून बंदी कायम केली. फक्त कायमची नको म्हणाले, पाच वर्षांची केली. "कागद नीट होता, तर टिकला. कोर्ट कागद बघतं. आमच्याकडं कागदच उलटा."

मी म्हटलं, "बिहारात गंगेवरचा तो पूल तर तीनदा पडला."

"अगुवानी घाट ते सुलतानगंज. 2022 च्या एप्रिलात, 2023 च्या जूनमध्ये, आणि 2024 च्या ऑगस्टात. बांधणारा तोच. म्हणे स्वतःच्या खर्चानं परत बांधून देणार."

"म्हंजे नापास झालेल्या पोरानं त्याच वर्गात परत बसायचं," अक्का म्हणाल्या, "पण पूल हाय हो तो. त्याच्या खालनं माणसं जात्यात."

अक्कांच्या ह्या बोलण्यावर मला मालवण आठवलं. आपल्या सगळ्यांच्या जिवाला लागलेली गोष्ट ती. राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा, 4 डिसेंबर 2023 ला पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झालं, आणि 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला. नऊ महिनेसुद्धा उभा राहिला नाही. शहापुरात त्या दिवशी चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. शिल्पकार तरुण होता, एवढ्या उंचीचं काम त्यानं आधी केलेलं नव्हतं, हे पडल्यावर सगळ्यांना कळलं. देताना कळलं नव्हतं काय?

"आणि नंतर बघा," अण्णा म्हणाले. "दुसऱ्या वेळी महाराष्ट्राच्या बांधकाम खात्यानं टेंडर काढलं, ते राम सुतारांच्या संस्थेला मिळालं. साठ फुटांचा पुतळा 2025 च्या मेमध्ये उभा राहिला. ज्यानं आयुष्यभर पुतळेच केले त्याच्याकडं काम गेलं. पहिल्या खेपेला पण हेच करता आलं असतं."

"तिथं पण पावसात चौथऱ्याच्या बाजूची जमीन खचली म्हणत होते."

"भोवतीची माती, पुतळा नव्हे. पण बघा, पुतळेवाला चांगला मिळाला की भराव करणारा पण चांगलाच मिळेल असं नसतं."

मला सांगायचं होतं ते असं की अनुभव बघितला की सगळं सुटतं, असंही नाही, आणि जुन्या माणसांनी केलं म्हणजे टिकतं, असंही नाही. आपल्या सांगलीकरांचं, म्हणजे ज्यांच्या संस्थानात हे शहापूर होतं त्यांचं उदाहरण अण्णा नेहमी देतात. सांगलीचा आयर्विन पूल 1929 चा, अजून उभा. पूर्वीची माणसं कशी प्रामाणिक, वगैरे. मी त्यांना सावित्रीवरचा महाडचा पूल आठवून दिला. तोही इंग्रजांच्या काळचाच होता, 2016 च्या ऑगस्टात रात्रीच्या पुरात एसटीसकट वाहून गेला. जुनं म्हणून चांगलं नसतं, बघत राहिलं तर चांगलं राहतं. आणि बघणाऱ्याचंही काय सांगावं? मुंबईत सीएसएमटीसमोरचा हिमालय पूल 2019 च्या मार्चमध्ये पडला, सात माणसं गेली, आणि आदल्या तपासणीत तो ठीक ठरलेला होता. त्याच्याआधी 2016 मध्ये मुंबईच्या रस्त्यांच्या घोटाळ्यात सहा कंत्राटदारांवर गुन्हे दाखल झाले, तेव्हा काम तपासायला नेमलेल्या त्रयस्थ कंपन्यांची माणसंसुद्धा आत गेली होती. तपासणारा नेमला, त्याला तपासणारा कोण?

"लांब कशाला जायचं?" अक्का म्हणाल्या. "आपलं तिसरं गेट."

तिसऱ्या गेटचा उड्डाणपूल 2022 च्या ऑक्टोबरात खुला झाला, आणि उद्घाटनाचे हार सुकायच्या आत वरचा रस्ता खचला. डागडुजी झाली. बेळगावकरांनी चार दिवस मोबाइलवर विनोद पाठवले आणि मग नवीन खड्ड्यांकडं वळले. आमच्याकडं खड्डे बुजण्याचा मोसमही ठरलेला. डिसेंबरात सुवर्णसौधात विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की मंत्र्यांच्या वाटेवरचे बुजतात. मंत्री शहापूरच्या बोळातनं जात नाहीत, हा आमचाच दोष.

एवढ्यात भाचा आला. गाडी बाहेर लावून आत येता येताच त्यानं आमचं बोलणं ऐकलं असावं, कारण आल्या आल्या म्हणाला, "मावशी, अट कडक करा म्हणून सांगू नकोस कुणाला. मीच आधी बाहेर पडीन."

हे मात्र आम्हा तिघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्याचं म्हणणं असं: उलाढाल वाढवा, अनुभव वाढवा, मशिनरी वाढवा, असं करत गेलं की शेवटी तीन-चार मोठी नावं उरतात. ती आपसांत रिंग करतात. ह्या वेळी तू भर, पुढच्या वेळी मी. छोटा, चांगला, नवा माणूस दारातच अडतो. आणि कधी कधी अटच अशी लिहितात की एकाच माणसाच्या मापाला बसावी. अमुकच कंपनीचं मशीन स्वतःच्या मालकीचं पाहिजे. गावात ते कुणाकडं आहे, हे पोरंसुद्धा सांगतील.

"आणि काळ्या यादीत गेला तरी काय?" तो म्हणाला. "बायकोच्या नावानं नवी फर्म. मेहुण्याच्या नावानं परवाना. मुकादम तोच, मिक्सर तोच, काँक्रीटमध्ये वाळू पण तेवढीच."

अण्णा गप्प होते. मग म्हणाले, "तुझं खरं आहे. अट वाढवून काही होत नाही. मागचं काम कसं झालं ते खरं लिहिलं, तरच काही होईल."

दिल्लीवाल्यांना हे थोडंफार कळलंय म्हणे. केंद्राच्या अर्थखात्यानं 29 ऑक्टोबर 2021 ला सूचना काढल्या की नुसता कमीत कमी दर बघू नका. दर्जा महत्त्वाचा ठरवलेल्या कामांत गुणांनासुद्धा वजन द्या, जास्तीत जास्त तीस टक्के. बाकी सत्तर दराला. पण ते केंद्राच्या पैशाला. गल्लीतल्या गटाराला ते लागत नाही. आणि लागलं तरी गुण कुठल्या कागदावरनं द्यायचे? परत त्याच दाखल्यावरनं.

भाचा बसला. पाणी प्यायला. मग त्यानं हिंडलग्याचा विषय काढला, आणि जरा वेळ कुणी थट्टा केली नाही.

आमच्या इथून हिंडलगा किती लांब? रिक्षानं जाण्याएवढं. तिथल्या देवीच्या यात्रेआधी रस्त्यांची, गटारांची चार कोटींची कामं केल्याचं सांगणारा कंत्राटदार, संतोष पाटील, 2022 च्या एप्रिलात उडुपीच्या लॉजवर मेलेला सापडला. त्यानं आधी मंत्री ईश्वरप्पांवर चाळीस टक्के कमिशनचा आरोप केला होता. मंत्र्यांनी आरोप नाकारला, पण राजीनामा दिला, आणि पुढं पोलिसांनी पुरावा नाही म्हणून त्यांना निर्दोष ठरवणारा अहवाल दिला. त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातल्या कंत्राटदारांच्या संघटनेनं पंतप्रधानांना पत्र लिहून हाच चाळीस टक्क्यांचा आरोप केला होता. सरकार बदललं, न्यायमूर्ती नागमोहन दास यांचा आयोग बसला, त्यांनी 2025 च्या मार्चमध्ये भलाथोरला अहवाल दिला. कोण खरं, कोण खोटं, ते परसातल्या भिंतीवर ठरणार नाही.

"मला त्यात एकच गोष्ट टोचते," भाचा म्हणाला. "त्या कामांना वर्क ऑर्डरच नव्हती म्हणतात. टेंडर नाही, ऑर्डर नाही, तोंडी सांगितलं म्हणून माणूस कर्ज काढून काम करतो. काम चांगलं झालं की वाईट, ते कुठं लिहिणार? लिहायला वहीच नाही. आणि बिल अडकलं की मरण त्याचं."

"अरे, तू पण तसं केलंयस एकदा," मी म्हटलं.

"शाळेच्या छपराचं. पावसाच्या आधी करा म्हणून हेडमास्तर मागं लागले. पैसे अजून निघाले नाहीत." आणि मग, आपणच आपल्याशी बोलल्यासारखं, "छप्पर गळत नाही पण."

अक्कांनी त्याच्या हातात लाडू ठेवला. त्यांच्याकडं हे एकच प्रमाणपत्र आहे आणि ते कुणालाही सहज मिळत नाही.

विषय हलका करायला म्हणून मी पाण्याचं काढलं. बेळगावच्या दहा वॉर्डांत 2008 पासून चोवीस तास पाणी येतंय, वर्ल्ड बँकेच्या मदतीतनं झालेलं ते. तेव्हा आम्ही बाकीचे आठवड्यातनं एकदा येणाऱ्या पाण्यासाठी बादल्या मांडून बसायचो आणि त्या वॉर्डांतल्या नातेवाइकांचा हेवा करायचो. शहरभर ते करायचं ठरलं तेव्हा रस्ते उकरले गेले, त्याची तक्रार वेगळी.

अण्णा खुलले. "त्या पहिल्या कामात एक शहाणपण होतं. पाइप टाकले, बिल घेतलं, गेलं, असं नव्हतं. ज्या कंपनीनं केलं तिलाच पुढं चालवायचं होतं, आणि तिच्या फीचा काही भाग पाणी खरोखर किती येतं, गळती किती कमी झाली, ह्याच्यावर होता. उतार उलटा केला तर तिचंच पाणी अडणार. शिवाय वर्ल्ड बँकेचं आणखी एक आहे. त्यांनी बंदी घातलेल्या कंपन्यांची नावं जगाला दिसतात, इंटरनेटवर. 2010 पासून वर्ल्ड बँक धरून पाच मोठ्या विकास बँकांनी ठरवलंय, एकीनं वर्षापेक्षा जास्त बंदी घातली की बाकीच्या चारही घालणार. मनिलात फसवलंस तर वॉशिंग्टनला काम नाही."

"आणि आपल्याकडं चिकोडीत फसवलं तर खानापुरात मिळतंय," अक्का म्हणाल्या.

"तेच की."

भाच्याला एकदम काही सुचलं. "काका, गटाराला दोषदुरुस्तीची मुदत असते ना? तेवढ्यात मोडलं तर त्यानं स्वतःच्या पैशानं दुरुस्त करायचं. त्याची अनामत तोवर कचेरीत असते."

"असते. पण कुणी लेखी तक्रार केली तर. मुदत उलटली की अनामत परत, आणि साहेबाला वाटतं, कुणी काही म्हटलं नाही म्हणजे ठीकच आहे. आपण म्हणतो, सगळ्या गल्लीला दिसतंय, त्यांना दिसत नाही काय? नाही दिसत. कचेरीला फक्त आवक क्रमांक पडलेलं दिसतं."

आता मी आमच्या गल्लीचं काय झालं ते सांगते. स्लॅब खचल्यावर आम्ही काय केलं? नगरसेवकाला फोन केला. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला, खाली चाळीस जणांनी रागाची तोंडं काढली. शेजारच्या दुकानदारानं खड्ड्यात दगड टाकून त्यावर फळी ठेवली. लेखी एकानंही दिलं नाही. कोल्हापूरकरांना मी उगाच मानत नाही. टोलविरोधी आंदोलनात एन. डी. पाटलांच्या मागं सगळं शहर रस्त्यावर उतरलं, कामं अपुरी आहेत म्हणून लोकांनी दाखवून दिलं, रस्त्यांचं मूल्यांकन करायला सरकारला भाग पाडलं, आणि 2015 च्या शेवटी टोल गेला. आपण फळी ठेवली.

"मुदत कधी संपतीय?" अक्कांनी विचारलं.

ते कुणालाच माहीत नव्हतं. ते माहीत करून घ्यायचं तर माहिती अधिकारात अर्ज टाकायला हवा. अण्णांनी लगेच बाह्या सरसावल्या. दहा रुपये फी. आणि कर्नाटकात एक गंमत, अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो, आणि एका अर्जात एकच विषय.

"दीडशे?" अक्का म्हणाल्या. "माझं तर गटाराच्या वासावरच दीडशे जातील."

अण्णांनी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहायला घेतलं. अमुक गल्लीतल्या गटाराच्या कामाची वर्क ऑर्डर. एमबीची नक्कल. काँक्रीटच्या चाचणीचा अहवाल, झाली असल्यास. दोषदुरुस्तीची मुदत कधी संपते. अनामत परत दिली काय, दिली तर कधी. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याची नक्कल, आणि त्यावर सही कुणाची, हुद्द्यासह.

"ते शेवटचं पहिलं घाला," भाचा म्हणाला.

अर्ज मराठीत चालणार नाही, हेही तिथंच निघालं. कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा. आमच्या नशिबी कन्नड. आयुष्यभर हापिसात कन्नड लिहून अण्णांचं अक्षर मात्र मोत्यासारखं, म्हणून तो प्रश्न सुटला. गटार उलटं वाहतं हे कन्नडमध्ये कसं लिहायचं ह्यावर नवराबायकोत थोडी चकमक झाली. अण्णा म्हणाले, वाहण्याचा विषयच नको, आपण फक्त कागद मागतोय.

मग खाली सहीची जागा आली आणि सगळे थांबले.

भाच्यानं सही केली तर पुढच्या टेंडरला त्याचं पहिलं पाकीट कुठल्या ना कुठल्या कारणानं नापास होणार. अण्णा पेन्शनर. तीच कचेरी नसली तरी टेबलं सगळी ओळखीची. रोज सकाळी फिरायला जाताना तीच माणसं भेटतात. मी म्हटलं, माझी करते, तर भाचा म्हणाला, तुझं-माझं नातं सगळ्या शहापूरला माहीत आहे, मावशी.

अक्कांनी पदराला हात पुसले. "द्या इकडं. माझं नाव घाला. माझं कुठलं टेंडर अडकलेलं न्हाई."

अण्णांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, आणि अर्जदार म्हणून कन्नडमध्ये त्यांचं नाव लिहायला घेतलं. पूर्ण नाव, नवऱ्याचं नावसुद्धा मध्ये घालून.

"ते मधलं कशाला?" अक्का म्हणाल्या. "नुसतं माझं लिवा."